खाऱ्या पाण्याची टाकी आणि टाकीखालचा बोर्ड

होटगीरोडकर
खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्री माशांची टाकी ठेवणारे भेटले की गप्पा मिठावर होतात, लाइटवर होतात, आणि उन्हाळ्यात पाणी थंड कसं ठेवायचं यावर तर तासन्‌तास होतात. टाकीखालच्या कपाटात पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा विषय मात्र कुणी काढत नाही. हा धागा त्या बोर्डासाठी. मी इलेक्ट्रिकलच्या कामात आहे आणि घरी अडीचशे लिटरची टाकी आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

आपल्याकडे पक्की समजूत आहे की सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे ओलीचा प्रश्न मुंबई-रत्नागिरीकरांचा. गोड्या पाण्याच्या टाकीपुरतं ते बरंचसं खरं आहे. मे महिन्यात बोर्डाजवळ पाणी सांडलं तर बघता बघता वाळतं आणि विषय मिटतो. खाऱ्या पाण्यात विषय तिथून सुरू होतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ धरा. अडीचशे लिटरच्या टाकीत पावणेनऊ किलो मीठ विरघळलेलं असतं, आणि त्यातलं थोडं थोडं रोज बाहेर येत असतं. बुडबुडे फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून येतं. काचेच्या कडेवरून, पाइपवरून, वायरीवरून ओल चढत जाते, टोकाला वाळते, तिथे खडे धरतात आणि त्या खड्यांमधून पुढची ओल आणखी वर चढते. हा पांढरा थर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

तो थर कोरडा दिसतो, पण कोरडा नसतो. पावसाळ्यात डब्यातलं जाडं मीठ ओलं होतं, तेच इथे होतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी धरून विरघळू लागतं. सागरी मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल खेचू लागतं. आता सांगा, संप (टाकीचं पाणी गाळणारी खालची छोटी टाकी) असलेल्या बंद कपाटात हवा कधी तरी ३३ टक्क्यांच्या खाली जाते का? आणि बाहेर ४२ अंश असताना आपण त्याच खोलीत कूलर लावतो. बाहेर रखरखाट, खोलीत ओला वारा. म्हणजे आपल्या गावात उन्हाळाही या मिठाला कोरडं राहू देत नाही.

ही ओल वीज किती वाहून नेते तेही बघा. समुद्राच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. नळाच्या पाण्याची साधारण अर्धा ते एक. म्हणजे पन्नास ते शंभर पटींचा फरक. बोर्डावर नळाच्या पाण्याचा थेंब पडणं आणि खाऱ्या पाण्याचा थेंब पडणं या वेगवेगळ्या घटना आहेत.

यातून धोके दोन तयार होतात आणि ते वेगळे समजून घेतले पाहिजेत. पहिला सगळ्यांना माहीत आहे: हीटरची काच तडकली किंवा पंपाची वायर सोलली, फेज पाण्यात उतरला आणि आपण हात घातला. ओल्या हाताने शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला हजाराने भागलं की २३० मिलिअँपिअर. एवढा करंट छातीतून गेला तर हृदय थांबायला पुरेसा आहे, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला (लोड फार वाढला की पडणाऱ्या स्विचला) त्याची जाणीवसुद्धा होत नाही. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते, माणूस वाचवण्यासाठी नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते (फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की ती पडते, म्हणजे वीज तोडते), जिला आपले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात.

दुसऱ्या धोक्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बोर्डाच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मधे मिठाचा ओलसर थर बसतो. त्यातून थोडा करंट वाहतो, जागा तापते, वाळते, पुन्हा ओल धरते. मधलं प्लास्टिक हळूहळू जळून काळं पडतं. त्या काळ्या रेघेतून मग कायमची वाट तयार होते आणि ठिणग्या सुरू होतात. हा करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधूनच परत येतो, म्हणून आरसीसीबीच्या हिशेबात काहीच कमी पडत नाही. एमसीबीच्या दृष्टीने तो एखाद्या बल्बइतका लोड. दोन्ही बसवलेल्या असूनही बोर्ड पेटू शकतो. त्यामुळे ‘आरसीसीबी लावली, आता काळजी मिटली’ असं कृपया समजू नका. तो बोर्ड कपाटातून बाहेर काढणं हे आरसीसीबीइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आज एवढं करा. टॉर्च घेऊन कपाटात वाका आणि बोर्डाचं तोंड बघा. पांढरं, हिरवं किंवा तपकिरी काही दिसलं तर इथे लिहा.

पेठेतलं_घर
दादा, लगेच बघितलं. दोन प्लगच्या पिनांवर हिरवट आहे आणि बोर्डाच्या एका भोकाच्या कडेला तपकिरी डाग. पंप चालू आहेत. आमचं घर मंगळवार पेठेत, वायरिंग आजोबांच्या काळातलं. थ्री-पिन सॉकेट आहेत पण वरच्या भोकात वायरच नाही असं मागे एका वायरमनने सांगितलं होतं. अर्थिंग नसताना आरसीसीबी लावून उपयोग आहे का?

होटगीरोडकर
आधी तपकिरी डागाचं. आधी मेन स्विच बंद करा, मगच प्लग काढा. तो बोर्ड पुसून पुन्हा वापरू नका, फेकून द्या. प्लास्टिक तपकिरी झालं म्हणजे तिथे जळायला सुरुवात झालेली आहे. हिरव्या पिनांचे प्लग टॉप कापून नवे लावा. कापलेल्या जागी तांब्याची तारही आतून हिरवी-काळी निघाली तर वायर तितकी मागे कापा, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत. वायरीत मिठाची ओल आत शिरते आणि वरच्या आवरणावरून ते कळत नाही.

अर्थिंगशिवाय आरसीसीबी काम करते. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट यातला फरक मोजते, तिला अर्थची वायर लागत नाही. फरक एवढाच की अर्थ नसेल तर बिघाड झाल्यावर करंटला बाहेर पडायला वाट नसते. पाणी जिवंत, म्हणजे फेज उतरलेलं, राहतं आणि तुमचा हात पहिली वाट होतो. तेव्हा ती पडते, पण झटका देऊन पडते. अर्थ असेल तर बिघाड झाल्या क्षणी, तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना पडते.

त्यामुळे आरसीसीबी आजच, आणि अर्थिंग लगोलग. अर्थिंग करताना वायरमन ‘सोपं करून देतो’ म्हणत सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटला तर टाकीचा स्टँड, चिलरची (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची) बॉडी, सगळ्यावर २३० व्होल्ट येतील.

यंत्रमाग_वायरमन
अर्थिंगवर मी बोलतो, माझं सगळं आयुष्य कारखान्यांच्या शेडमधी गेलंय. खड्डा करून कोळसा-मीठ घालून केलेलं अर्थिंग आपल्याकडं उन्हाळ्यात मरतंय बघा. जमीन भेगाळती, खड्डा वाळतो. ज्यांच्या घरी असलं जुनं अर्थिंग हाय त्यांनी मार्च ते जून खड्ड्यात पाणी सोडत जावा. नळाला रोज पाणी येत नाही, मला माहिती हाय, पण धुण्याचं पाणी चालतंय की.

आणि एक हिशेब सांगतो. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आला. वाळलेल्या खड्ड्याला त्याच्याहून जास्तच येतो. चिलरची बॉडी फेजला लागली तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी यावर कधीच पडणार नाही. बॉडी जिवंतच राहणार. लोक म्हणत्यात अर्थिंग हाय, आता कशाला ईएलसीबी. म्हणून लागती. तीस मिलिअँपिअरला तेवढंच वाळकं अर्थिंगपण भरपूर झालं.

निळा_कपाळमासा
मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ती खरी आहे. आरसीसीबीमुळे टाक्या मरतात. माझ्या ओळखीतल्या एका घरात लोक गावाला गेले, पावसाळ्यात वीज कडाडली, आरसीसीबी पडली. परत आले तेव्हा रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा) बंद, पाण्यात प्राणवायू नाही, एकही मासा उरला नव्हता. आजूबाजूला लाइट चालू असल्याने शेजाऱ्यांनाही कळलं नाही. म्हणून अनेक जण मुद्दाम टाकीचा पॉइंट आरसीसीबीच्या आधीच्या लाइनवर घेतात. चूक म्हणणं सोपं आहे, पण त्यांचं दुःखही समजून घ्या.

होटगीरोडकर
दुःख समजतं. वर्षानुवर्षं वाढवलेला मासा असा जाणं फार वाईट आहे. पण टाकीचा पॉइंट आरसीसीबीच्या आधी घेणं म्हणजे घरातल्या सगळ्यांत धोक्याच्या जागेचं संरक्षण काढून घेणं. तुमच्या प्रश्नाला दुसरी उत्तरं आहेत.

पहिलं म्हणजे संपूर्ण घराला एक आरसीसीबी आणि तिच्यावरच टाकी, असं नको. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांची प्रत्येकाची थोडी थोडी गळती असते. एलईडी लाइटचे ड्रायव्हर आणि पंपांचे अ‍ॅडॉप्टर आतल्या फिल्टरमुळे बिघाड नसतानाही थोडा करंट अर्थला सोडतात. या सगळ्यांची बेरीज होते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते, त्यामुळे बेरीज वाढली की उगीच पडते.

टाकीसाठी स्वतंत्र आरसीबीओ घ्या. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकाच खोक्यात असतात. शक्य असेल तर दोन घ्या. एकीवर रिटर्न पंप आणि एअर पंप. दुसरीवर हीटर, चिलर, लाइट, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं उपकरण). बिघाड बहुतेक वेळा हीटरमध्ये किंवा स्किमरच्या पंपात होतो. ती बाजू पडली तरी पाणी फिरत राहतं. खर्च वाढतो हे मान्य आहे, पण टाकीत जे पैसे घातलेत त्यापुढे तो फार नाही.

आणि बाहेरगावी जाताना बॅटरीवरचा एअर पंप ठेवाच. वीज गेली की आपोआप सुरू होणारे मिळतात. लाइट गेली काय किंवा आरसीबीओ पडली काय, त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.

घेताना दोन गोष्टी बघा. खोक्यावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर लिहिलेलं हवं. दुकानात १०० आणि ३०० चेही तुकडे विकतात, ते माणसाच्या संरक्षणासाठी नाहीत. आणि ‘ए’ टाइप घ्या. साधी ‘एसी’ टाइप फक्त सरळ साइन लहरीची गळती नीट ओळखते. आपल्या टाकीवर डीसी पंप आणि एलईडी भरपूर असतात, तिथे ‘ए’ टाइप योग्य.

निळा_कपाळमासा
दोन वेगळ्या आरसीबीओंची कल्पना पटली. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या घरीही कळवतो.

सात_रस्ता_ताई
मला तुमच्यासारखं तांत्रिक कळत नाही. टाकी मुलाची आहे, तो बारावीला आहे, आणि पाणी बदलायचं काम तो आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी करतो. त्या दिवशी घरात सगळी धावपळ असते. गॅलरीत मोठा बॅरल, त्यात मीठ ढवळायला छोटा पंप, हिवाळ्यात हीटरही, आणि त्यासाठी हॉलमधून ओढलेली वायर. सगळी फरशी ओली. तो रबरी चप्पल घालून काम करतो आणि म्हणतो काही होत नाही. मला भीती वाटते. बरोबर वाटते का?

होटगीरोडकर
ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे. टाकीपेक्षा तो बॅरल जास्त धोक्याचा आहे, कारण टाकीची जोडणी एकदा विचार करून केलेली असते आणि बॅरलची दर वेळी घाईत होते.

रबरी चपलेवर विसंबू नये. चप्पल ओली असते, पाय ओला असतो. आणि दुसरा हात गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला किंवा नळाला लागला तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जातो. तिथे चपलेचा संबंधच उरत नाही.

मुलाला एक सवय लावा: खाऱ्या पाण्यात हात घालायच्या आधी पाण्यातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढायचे. फक्त बटण बंद करून भागत नाही. आपल्या बोर्डावरचं बटण एकच तार तोडतं. वायरमनने फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील, आणि जुन्या घरांत हे नेहमी सापडतं, तर बटण बंद करूनही हीटरमध्ये फेज तसाच राहतो. प्लग काढला की प्रश्न उरत नाही. प्लग काढताना हात कोरडा हवा, म्हणून एक टॉवेल तिथेच टांगून ठेवायचा. आपल्या गावात टॉवेलची काय कमतरता.

हीटर मात्र बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाण्यातच राहू द्यायचा. गरम काच हवेत आली किंवा तिच्यावर थंड पाणी पडलं तर तडकते, आणि ती तड नेहमी डोळ्यांना दिसत नाही. बॅरलमध्ये ढवळायला १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी पंप वापरला तर उत्तम. त्याचा अ‍ॅडॉप्टर हॉलमध्ये, कोरड्या जागी. ओल्या फरशीवर फक्त कमी व्होल्टेजची वायर जाईल.

आणि आरसीसीबी असली तरी झटका लागतो, हेही त्याला सांगा. ती करंट कमी करत नाही, वेळ कमी करते. जोराच्या गळतीला सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तोडते, म्हणून माणूस वाचतो.

सात_रस्ता_ताई
त्याला हे सगळं वाचायला दिलं. प्लगचं लगेच पटलं, बटणाचं त्याला माहीत नव्हतं.

भाड्याची_खोली
मी जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. मालक डीबीला (एमसीबींच्या पेटीला) हात लावू देत नाहीत. मग काय?

यंत्रमाग_वायरमन
सोपं हाय. वायरमनकडून भिंतीवर टांगायचा प्लास्टिकचा डबा करून घ्या. १६ अँपिअरचा प्लग टॉप, अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोर वायर, डब्यात डबल पोल आरसीबीओ ३० मिलिअँपिअरची, पुढं चार-पाच सॉकेट. मालकाच्या पॉइंटात प्लग घातला की झालं. घर बदललं की डबा काढून घेऊन जावा. फकस्त त्या पॉइंटाला अर्थ येतंय का ते आधी बघून घ्या. आणि डबा जमिनीवर ठेवू नका ओ, भिंतीवर.

रीफ_वेडा
ग्राउंड प्रोबबद्दल कुणीच बोललं नाही. टाकीत टायटॅनियमची कांडी टाकून ती अर्थला जोडायची. माझ्या बोटाला जखम असताना पाण्यात हात घातला की झिणझिण्या यायच्या. मल्टिमीटरची एक पिन पाण्यात आणि एक अर्थला लावली तर ४० व्होल्ट दाखवायचं. प्रोब लावला, रीडिंग शून्य, झिणझिण्या बंद. आरसीसीबीपेक्षा हाच उपाय स्वस्त आणि मस्त नाही का?

होटगीरोडकर
भाऊ, इथे मी स्पष्ट असहमत आहे. नीट वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

४० व्होल्टचं रीडिंग दोन कारणांनी येऊ शकतं. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. ४० व्होल्ट दाखवायला त्याला ४ मायक्रोअँपिअर पुरतात. पंपाची गुंडाळी आणि पाणी यांच्यामधे आवरण शाबूत असलं तरी प्रत्यावर्ती विजेमुळे एवढा करंट पलीकडे जाणवतो. तो निरुपद्रवी आहे आणि जवळजवळ प्रत्येक टाकीत असतो. पण तुम्हाला झिणझिण्या येत होत्या. मायक्रोअँपिअरने तसं होत नाही, साधारण अर्धा मिलिअँपिअर झाल्यावर माणसाला जाणवतं. म्हणजे तुमच्या टाकीत बहुधा एखादं उपकरण खरोखर गळत आहे.

आणि तुम्ही त्याला कायमची वाट करून दिलीत. आता तो करंट दिवसरात्र पाण्यातून प्रोबकडे जातो आहे. झिणझिण्या थांबल्या म्हणजे बिघाड गेला असं नाही, बिघाडाची खूण गेली. उद्या प्रोबची वायर मिठाने खाऊन तुटली की पाणी पुन्हा जिवंत, आणि तोवर बिघाडही वाढलेला असेल.

प्रोब वाईट नाही. आरसीसीबी असेल तर तो फार उपयोगी आहे, कारण पाण्यात गळती सुरू झाली की लगेच प्रोबमधून अर्थला जाते आणि आरसीसीबी पडते, कुणाचा हात पाण्यात नसतानाच. एकटा प्रोब मात्र मला मान्य नाही. आधी आरसीसीबी, मग प्रोब. आणि कांडी टायटॅनियमचीच. तांब्याची तार कधीच नको. विरघळलेलं तांबं कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांना मारतं.

आत्ता काय करायचं: कोरड्या हाताने एकेक उपकरणाचा प्लग काढत जा, पाण्याला हात न लावता, आणि प्रत्येक वेळी मल्टिमीटर बघा. त्यासाठी प्रोबची वायर तात्पुरती सोडावी लागेल, ती सगळे प्लग काढलेले असताना सोडा. जे उपकरण काढल्यावर आकडा एकदम खाली येईल ते संशयित.

रीफ_वेडा
केलं. स्किमरचा पंप. काढल्यावर ४० वरून ६ वर. पंपाचं चुंबक फुगलेलं निघालं, वरचं आवरण तडकून आत गंज. गुंडाळीच्या बाजूच्या इपॉक्सीलाही केसासारखी चीर आहे.

होटगीरोडकर
छान शोधलंत. तो पंप दुरुस्त करू नका. इपॉक्सीला तड गेली की वरून एम-सील लावून पाण्याखाली भरवसा ठेवता येत नाही. नवा पंप येईपर्यंत स्किमर बंद ठेवा, माशांना खाणं कमी द्या.

पेठेतलं_घर
नवीन बोर्ड कुठे लावू? कपाटाच्या आत वरच्या बाजूला लावला तर चालेल का? बाहेर दिसायला वाईट दिसतं म्हणून घरचे नको म्हणतात. वॉटरप्रूफ बॉक्स मिळतो, तो आत लावू का?

होटगीरोडकर
कपाटात नकोच. संपमधून वर येणारी ओली खारट हवा वरच्याच बाजूला साठते. वॉटरप्रूफ बॉक्सवर लिहिलेलं आयपी ५५ किंवा ६५ हे साध्या पाण्याच्या फवाऱ्यासाठी तपासलेलं असतं. महिनोन्‌महिने मिठाच्या वाफेत राहण्याची ती हमी नव्हे. प्लग घालायला बॉक्स उघडला की ओली हवा आत जाते, आणि बंद केला की तिथेच राहते.

टाकीच्या बाजूच्या भिंतीवर, कडेपासून दोन-तीन फूट लांब, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, पण टाकीच्या बरोबर वर नाही, अशी जागा शोधा. सॉकेटची तोंडं समोर असावीत, आकाशाकडे नको. प्रत्येक वायर टाकीवरून आधी खाली येऊ द्या, बोर्डाच्या पातळीपेक्षा खाली झोळ द्या आणि मग वर प्लगकडे न्या. त्याला ड्रिप लूप म्हणतात. थेंब झोळाच्या तळाला गळून पडतो, प्लगपर्यंत चढत नाही. मीठ मात्र हळूहळू चढू शकतं, म्हणून पाणी बदलताना प्लग काढलेलेच असतात तेव्हा वायरींवरून आरओच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, मग कोरडं. नुसत्या कोरड्या फडक्याने खडे पडतात, थर राहतो.

घरच्यांना दिसण्याची अडचण असेल तर त्या बोर्डावर सुतारकाम करून जाळीचं झाकण लावा. हवा खेळती हवी, एवढं सांभाळा. आणि कपाटाच्या मागच्या फळीला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावून ओली हवा बाहेर काढा, प्लायही टिकेल.

स्टँड लोखंडी आहे का? अँगलचा वेल्डिंग केलेला असेल तर त्यालाही अर्थची वायर बोल्टने जोडून घ्या. बोल्टाखालचा रंग खरवडून. रंगावर बोल्ट आवळला तर जोड झाला असं दिसतं, पण होत नाही.

भीमाकाठ
लाइट गेल्यावर होणारा प्रकार सांगतो, कारण आमच्या भागात पावसाळ्यात लाइट वारंवार जाते. रिटर्न पंप बंद पडला की टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलट संपमध्ये येतं. संप आधीच गळ्यापर्यंत भरलेला असेल तर पाणी फरशीवर. फरशीवर बोर्ड असेल तर पुढचं सांगायला नको, आणि लाइट परत येते तेव्हा बोर्ड खाऱ्या पाण्यात असतो. हवा शिरून हा उलटा प्रवाह तुटावा म्हणून नोझल (पाइपचं तोंड) पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवून बारीक भोक पाडतात, ते भोक मिठाने किंवा शेवाळाने बुजतं. चेक व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेत) एखादी गोगलगाय अडकली की तोही उघडाच राहतो. म्हणून मुद्दाम दिवसा पंप बंद करून बघा, संपचं पाणी कुठवर चढतं. जागा पुरेपर्यंत चालू स्थितीतली पातळी कमी करा आणि तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही. आपोआप पाणी भरणारा फ्लोट असेल त्यांनी तर हे नक्की करा, फ्लोट अडकला की तो थांबतच नाही.

माझा प्रश्न इन्व्हर्टरचा. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर आहे. आरसीबीओ लावली की लाइट गेल्यावर पडते.

यंत्रमाग_वायरमन
हे रोजचं दुखणं हाय. इन्व्हर्टरची फेज आरसीबीओतून गेली आणि न्यूट्रल कुठंतरी दुसऱ्या पॉइंटाच्या न्यूट्रलला मिळालाय. जुन्या वायरिंगमधी न्यूट्रल सगळे एकत्र गुंडाळलेले असत्यात. टाकीच्या पॉइंटाचा न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा ओढून आरसीबीओच्या आउटगोइंगलाच आला पाहिजे, बाहेर कुठंच टच नको. आरसीबीओ इन्व्हर्टरच्या पुढं, म्हणजे इन्व्हर्टर ते टाकी या वाटेत बसवा. मग दोन्हीवर चालती.

होटगीरोडकर
त्यात एक भर घालतो. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबाच, पण ते आतल्या आत फरक निर्माण करून फक्त यंत्रणा पडते का ते दाखवतं. अर्थिंग चांगलं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर वायरमनला टेस्टर घेऊन बोलवा आणि मेनच्या लाइटवर एकदा, इन्व्हर्टरवर एकदा, अशी फेज-अर्थ चाचणी करून घ्या. काही घरांत मेन स्विच पाडला की बाहेरून येणारा न्यूट्रलही सुटतो. मग इन्व्हर्टरवर असताना गळतीला परतीची वाट राहत नाही आणि आरसीबीओ पडायला हवी तेव्हा पडत नाही. ही चाचणी स्वतः तार लावून करू नका.

सात_रस्ता_ताई
आणखी एक विचारते. कुणाला करंट लागलाच तर घरातल्या बाईमाणसाने काय करायचं?

होटगीरोडकर
त्याला हात लावायचा नाही. धावत जाऊन मेन स्विच पाडायचा. मेन कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही माहीत हवं. मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर किंवा माणूस बाजूला करायचा, आपण कोरड्या जागी उभं राहून. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने आणि भरभर दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत. माणूस उठून बसला आणि ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायचा. बोर्ड पेटला असेल तर पाणी टाकायचं नाही, मेन पाडायचा आणि १०१. घरात छोटा ड्राय पावडरचा सिलिंडर असेल तर तो चालतो.

निळा_कपाळमासा
गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत थंडी पडते, तेव्हा वर्षभर खणात पडलेले हीटर बाहेर निघतात. त्यांचं काय तपासायचं?

होटगीरोडकर
उजेडात धरून काचेत चीर, आत पाण्याचा थेंब किंवा धुकं आहे का बघा. वरचं रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर हीटर बाद. वायर रबरात जिथे शिरते तिथे हलकेच वाकवून बघा. मग आधी साध्या पाण्याच्या बादलीत, पाण्यात अर्थला जोडलेला प्रोब ठेवून, आरसीबीओच्या पॉइंटवर, तासभर चालवा. बादलीला कुणी हात लावायचा नाही. त्यात आरसीबीओ पडली नाही तरच हीटर टाकीत.

पेठेतलं_घर
वायरमन उद्या येतोय. दोन आरसीबीओ, ‘ए’ टाइप, ३० मिलिअँपिअर, टाकीचा न्यूट्रल वेगळा, बोर्ड बाजूच्या भिंतीवर, स्टँडला अर्थ. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात नव्याने. काही राहिलं का?

यंत्रमाग_वायरमन
खड्ड्यापासून बोर्डापर्यंत अर्थची वायर अखंड घ्या, मधी टेप गुंडाळलेला जोड नको. आणि काम झाल्यावर त्याच्याकडून सगळ्या सॉकेटात फेज उजवीकडं आलाय का ते तुमच्यासमोर तपासून घ्या.